पूल पार, साइन चेंज

"एकोणचाळीस," वैष्णवी म्हणाली.

मी मार्करला टोपण लावलं. राग आला की मी आधी टोपण लावते, म्हणजे निदान मार्कर तरी वाळत नाही.

बोर्डवर गणित होतं, ३x = १२. सातवीतलं. आणि वैष्णवी नववीची परीक्षा देऊन आली होती. तिने उत्तर काढलं होतं, x = ९. मी म्हटलं, ठीक आहे, आता x च्या जागी नऊ लिही आणि डावी बाजू किती होते ते वाच. तिने तीनच्या शेजारी नऊ लिहिले आणि वाचलं, एकोणचाळीस.

"एकोणचाळीस आणि बारा सारखे आहेत का गं?"

"नाही टीचर."

"मग नऊ हे उत्तर बरोबर की चूक?"

तिने बोर्डकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरोबरच असणार ना टीचर. पूल पार, साइन चेंज."

आमच्या वर्गाखाली जीन्स शिवायचा कारखाना आहे. मशीन सुरू झाल्या की वरची फरशी थरथरते. त्या क्षणी फरशी थरथरत होती की मी, ते सांगता येणार नाही.

मी शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. काही महिने अंबरनाथला घरी बसून टीव्हीवरच्या सगळ्या सासवा-सुना पाहून झाल्या, आणि मग उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये जाऊ लागले. क्लासचे मालक हरेश सर, कॅम्पातले जुने सिंधी. माणूस वाईट नाही. शिक्षकांना चहा स्वतः आणून देतात, मुलांच्या आजीआजोबांची नावानिशी चौकशी करतात. फक्त गणित शिकवणं आणि जीन्स विकणं यांत त्यांना फारसा फरक वाटत नाही. दोन्हीकडे गिऱ्हाइकाला घातल्या घातल्या फिट बसलं पाहिजे.

पूल ही त्यांचीच आयडिया. शाळा सोडून बरीच वर्षं झालेल्यांसाठी आधी थोडं समजावून सांगते.

समीकरण म्हणजे मधे बरोबरचं चिन्ह आणि त्याच्या दोन्हीकडे सारख्याच किमतीचं काहीतरी. त्यातला एक आकडा माहीत नसतो. त्याला x म्हणायचं आणि शोधून काढायचं. x + ५ = १२ याचा अर्थ, कुठल्यातरी आकड्यात पाच मिळवले की बारा होतात. तो आकडा सात, हे कोणीही सांगेल. पण गणित जरा मोठं झालं की अंदाजाने भागत नाही, म्हणून एक पद्धत आहे. दोन्ही बाजूंतून पाच काढून टाकायचे. डावीकडे x एकटा उरतो आणि उजवीकडे सात. दोन्ही बाजूंना सारखंच काहीतरी करायचं म्हणजे बरोबरी मोडत नाही. अख्ख्या प्रकरणात एवढंच आहे.

हे दर वेळी लिहायचा कंटाळा येतो म्हणून शॉर्टकट निघाला. अधिक पाच पलीकडे नेले की वजा पाच होतात. शॉर्टकट चुकीचा नाही, पण ज्याला कारण कळलंय त्याच्यासाठी तो आहे. हरेश सरांनी कारण काढून टाकलं आणि शॉर्टकट तेवढा ठेवला. बरोबरचं चिन्ह म्हणजे पूल. जो पूल ओलांडेल त्याचं चिन्ह बदलणार. प्लसचं मायनस, मायनसचं प्लस. आमच्या क्लासमध्ये तास सुरू होण्याआधी सगळी बॅच बाकं बडवत एका सुरात ओरडते, "पूल पार, साइन चेंज!" ॲडमिशनच्या दिवसांत डेमो लेक्चर असतं. आईवडील मागे खुर्च्यांवर बसलेले असतात आणि पुढे मुलं हे ओरडत धडाधड गणितं सोडवतात. आईवडील खूश होतात. मोबाइल काढून शूटिंग करतात.

x + ५ = १२ ला हे छान चालतं. ३x = १२ आलं की पुलावर अपघात होतो. तीन आणि x यांच्यामध्ये गुणाकार असतो, पण तो लिहायची पद्धत नाही. ३x म्हणजे तीन वेळा x. वैष्णवीला ते नुसते शेजारी शेजारी उभे असलेले दिसत होते. तीनच्या आधी काही चिन्ह नाही, म्हणजे प्लस असणार. प्लस तीनने पूल ओलांडला, मायनस तीन झाले. बारा वजा तीन, नऊ. तिच्या हिशेबाने पायरी न् पायरी नियमाप्रमाणे होती.

मी बाकीच्या बॅचला तेच गणित दिलं. निम्म्यांचं उत्तर नऊ. काहींचं वजा चार, कारण त्यांना भागायचं असतं एवढं आठवत होतं, पण पूल ओलांडला म्हणून भागताना त्यांनी तीनचं चिन्हही बदलून टाकलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाचं उत्तर चार आलं. कसं काढलंस विचारल्यावर तो घाबरून म्हणाला, "सॉरी मिस, तोंडी केलं."

सॉरी! बरोबर उत्तराबद्दल माफी मागणारा विद्यार्थी मी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

बाकीच्यांना वेळ होता. वैष्णवीला नव्हता. ती नववीत बीजगणितात नापास झाली होती आणि जूनमध्ये तिची पुनर्परीक्षा होती. शाळेने तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं होतं की या वेळीही नापास झाली तर सतरा नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे शाळा सोडायची आणि दहावीला बाहेरून बसायचं. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा असेल तर जे पडण्याची शक्यता आहे ते आधीच बाहेर काढलेले बरे, असा सरळ हिशेब. आणि वैष्णवी शाळेच्या कबड्डी टीममध्ये रेडर होती. साधीसुधी नाही, तालुक्याला तिच्या जिवावर मॅच काढलेली. शाळेतून नाव गेलं की टीममधूनही जाणार होतं. खरवईसारख्या गावातली पोरगी घरी बसून सतरा नंबरची परीक्षा देणार म्हणजे पुढे काय होतं, ते मी बदलापूर-अंबरनाथकडे पुष्कळ पाहिलेलं आहे. पुस्तकं एका कोपऱ्यात जातात आणि स्थळं यायला लागतात.

तिचे वडील बळीरामभाऊ पाटील टेम्पो चालवतात. कॅम्पातल्या कारखान्यांमधून जीन्सचे गठ्ठे उचलायचे आणि व्यापाऱ्यांकडे टाकायचे. सुट्टीत दुपारभर त्यांची गाडी इकडेच असायची म्हणून खरवईची मुलगी कॅम्प चारच्या क्लासमध्ये आली. त्या दिवशी ते तिला न्यायला आले तेव्हा मी त्यांना थांबवलं.

"मॅडम, मना गनितातला काय समजत नाय," ते म्हणाले. "पन येक सांगा. ही घरान बसते, पाठ करते, मोठ्यानं बोलून बोलून पाठ करते. आमचे घरातले सगल्यांना तो पूल पाठ झालाय. मंग नापास कशी व्हते?"

"पाठ करते म्हणूनच नापास होते."

"आता हा काय नवीन?"

"भाऊ, तिने चुकीचं पाठ केलंय आणि अगदी पक्कं केलंय. ते आधी पुसावं लागेल."

"पुसायला येल हाय का? परीक्षा जवल आली. मना आत्ताच सांगा, जमनार नसेल त मी फारम भरतो. तिची आई बोलते, कशाला उगीच."

वैष्णवी टेम्पोच्या दाराला धरून उभी होती. मी म्हटलं, "फॉर्म भरू नका. मला आठवडाभर द्या." बोलून गेले आणि घरी जाईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी हरेश सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तो पूल बंद करा."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "अरे साईं, बसा तर आधी. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. एकोणचाळीससुद्धा सांगितलं. ते मनापासून हसले.

"मॅडम, एक-दोन बच्चा कच्चा असतो. पूरी ब्रँडिंग पुलावर आहे आपली. बाहेर बोर्डवर पूल आहे, बॅगेवर पूल आहे."

"एक-दोन नाहीत, निम्मी बॅच आहे. आणि एकालाही ताळा करायला येत नाही."

ताळा म्हणजे आलेलं उत्तर परत गणितात घालून बघणं. x चार आला ना, मग तीन चोक बारा, बसलं. अर्ध्या मिनिटाचं काम. उत्तर बरोबर आहे की नाही हे कोणालाही न विचारता कळण्याचा हा एकच मार्ग आहे, आणि तो फुकट आहे.

"ताळा नको मॅडम," हरेश सर म्हणाले. "ताळा केला तर बच्चा डाउटमध्ये जातो. तुम्ही बच्चा लोगला सोचायला लावता. सोचायला टाइम लागतो. टाइम गेला का पेपर गेला."

"आणि उत्तर चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं, पण कॉन्फिडन्स राहिला ना?"

शेवटी तोडगा असा निघाला की बॅचला पूलच शिकवायचा, पण वैष्णवीला तास सुटल्यावर मागच्या खोलीत मी काय हवं ते शिकवावं. आवाज बाहेर येता कामा नये.

मागच्या खोलीत मी आधी पुस्तकातला तराजू काढला. समीकरण म्हटलं की सगळ्या पुस्तकांत तराजू असतो. वैष्णवीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "टीचर, याचा डिस्प्ले कुठाय?" तिचंही बरोबर होतं. तिच्या जन्मापासून बाजारात वजनकाटा म्हणजे लाल आकडे. दोन पारडी कोणी बघितलीत! मी तराजू पुसून टाकला.

"कबड्डीत टाय माहितीये ना?"

एवढा वेळ खाली असलेली मान वर आली. "हो."

"बारा-बारा टाय आहे. पंचांनी काहीतरी कारण काढून तुमचे पाच पॉइंट कापले. टाय तसाच ठेवायचा असेल तर?"

"त्यांचेपण पाच कापायचे."

"झालं तर. x अधिक पाच बरोबर बारा. दोन्हीकडचे पाच काप."

"सात."

"पूल कुठे आला यात?"

तिने विचार केला. "आलाच नाही."

"आता ३x. तू तीन रेड टाकल्यास. प्रत्येक रेडमध्ये सारखेच पॉइंट. एकूण बारा झाले. एका रेडचे किती?"

"चार." लगेच. बोटंसुद्धा न मोडता.

"तू तर काल नऊ म्हणालीस."

"एका रेडमध्ये नऊ?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच म्हटलं होतं. "टीचर, समोर सातच पोरी असतात."

मी हसले, पण आतून चडफडत होते. म्हणजे हिला सगळं येत होतं! तीन वेळा काहीतरी मिळून बारा, तर ते चार, हे हिला पहिल्यापासून कळत होतं. x दिसला की मात्र ही अक्कल बाहेर चपलांपाशी काढून ठेवून आत यायची, कारण आत ओरडायचं असतं, विचार करायचा नसतो. हे काही तिच्यात जन्माने आलेलं नव्हतं. कोणीतरी बसून, तास घेऊन हे तिला शिकवलेलं होतं.

मग रोज तेच. प्रत्येक ओळीशेजारी तिने लिहायचं, 'दोन्ही बाजूंतून पाच वजा करून', 'दोन्ही बाजूंना तीनने भागून'. उत्तर आलं की ताळा. ताळा बसल्याशिवाय वही माझ्याकडे द्यायची नाही. पहिले काही दिवस ती दर गणिताला "बरोबर आहे का टीचर?" असं विचारायची. मी म्हणायचे, "मला काय विचारतेस? घालून बघ." ती चिडायची. तिला वाटायचं, या बाई क्लासला येऊन शिकवत तर काहीच नाहीत.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते वजाच्या गणितांनी. −२x = ६ असलं की दोन्ही बाजूंना वजा दोननेच भागायचं असतं आणि उत्तर वजा तीन येतं. ती दोनने भागायची आणि तीन लिहायची. का, तर वजा दोनने पूल ओलांडला, म्हणून त्याचे अधिक दोन झाले. पूल काही केल्या पडत नव्हता. शेवटी मी तिला ताळाच करायला लावला. तीन घातले की वजा दोन गुणिले तीन, वजा सहा. हवे होते अधिक सहा. तिने ते दोनतीनदा करून पाहिलं, पेन तोंडात धरलं आणि म्हणाली, "टीचर, म्हणजे रेडर लाइनपलीकडे गेला तरी त्याची जर्सी तीच राहते."

"जर्सी तीच," मी म्हटलं. "हे आपणहून सुचलं ना तुला, मग आता विसरायचं नाही."

तिचा वेग मात्र गेला. पूर्वी ती पानभर गणितं धडाधड चुकवायची. आता मोजकी करायची, पण बरोबर. हरेश सर एकदा आत डोकावले, तिची भागून, वजा करून लिहिलेली वही पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ही तर स्लो झाली." मी मार्करला टोपण लावलं.

परीक्षा झाली त्या दिवशी ती टेम्पोतून उतरून थेट मागच्या खोलीत आली. "टीचर, शेवटचं राहिलं. वेळ गेला ताळ्यात. पण जेवढी केली तेवढी सगळी बसली."

"सगळी?"

"सगळी घालून बघितली. मी पास आहे."

नापास होत आलेली मुलं पेपर कसा गेला विचारलं की 'बरा गेला' म्हणतात आणि नजर चुकवतात. ही 'मी पास आहे' म्हणत होती आणि माझ्याकडे बघत होती. मला फार बरं वाटलं.

निकाल लागला. वैष्णवी नापास. अगदी थोडक्यात, पण नापास.

बळीरामभाऊंचा फोन आला. आवाज पडलेला होता. "मॅडम, तुमी लय केला. पन तिच्या नशिबान नाय. मी उद्या फारम भरतो. फकस्त ती पोरगी काय ऐकत नाय. बोलते, पेपर दाखवा. रडत पन नाय. बोलते, माझा बरोबर हाय."

मागून तिचा आवाज येत होता, "टीचरला सांगा, पाच वजा दोन एक्स बरोबर अकरा! पोरी तीन म्हणतात, मी वजा तीन लिहिलंय!"

हे तुम्हीही करून बघा. ५ − २x = ११. दोन्ही बाजूंतून पाच वजा केले की −२x = ६. वजा दोनने भागलं की x = −३. ताळा: वजा दोन गुणिले वजा तीन म्हणजे अधिक सहा. पाच अधिक सहा, अकरा. बसलं. मुलगी बरोबर होती.

मी हरेश सरांना सांगितलं की शाळेत जाऊन येते. त्यांनी हात जोडले. "मॅडम, स्कूलवाल्याशी पंगा नको. आपली निम्मी ॲडमिशन तिकडून येते. तुम्ही क्लासकडून जाऊ नका."

"बरं, क्लासकडून जात नाही. पाटलांच्या ओळखीची म्हणून जाते."

शाळेचं नाव सांगत नाही, तशा शाळा पुष्कळ आहेत. नववीचं बीजगणित तिथे पर्यवेक्षक सरच शिकवायचे आणि पेपरही त्यांनीच तपासला होता. मी वैष्णवी आणि बळीरामभाऊंना घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी पेपर दाखवता येत नाही म्हणून सांगितलं. मग मी निवृत्त शिक्षिका आहे हे कळल्यावर बसायला खुर्ची दिली आणि पेपर काढला. त्या प्रश्नावर लाल फुली होती. शेजारी उत्तरसूची, म्हणजे तपासणाऱ्याने समोर ठेवायची उत्तरांची यादी. त्यात त्या प्रश्नासमोर लिहिलं होतं, x = ३.

"उत्तरसूचीप्रमाणेच तपासलंय मॅडम," सर म्हणाले. "तीन यायला पाहिजे. हिने वजा तीन काढलंय. चिन्हाची चूक. नेहमीचंच आहे यांचं."

"उत्तरसूची कोणी केली?"

"मीच. का?"

मी काही बोलणार तेवढ्यात वैष्णवी म्हणाली, "सर, तीन घालून बघा ना."

"अगं, घालून काय बघायचंय? वजा दोन पलीकडे गेले की..." सर बोलता बोलता थांबले.

"जातच नाहीत सर," ती म्हणाली. "भागायचं असतं. तीन घातले तर पाच वजा सहा होतात. वजा एक. अकरा होत नाहीत."

बळीरामभाऊ दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसले होते. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण मुलगी सरांना उलट बोलते आहे एवढं कळत होतं आणि त्याचा त्यांना घाम फुटला होता. सरांनी एक कोरा कागद ओढला. त्यावर त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात टाकली.

"हं," ते म्हणाले.

मी उत्तरसूची त्यांच्याकडे सरकवली.

"मॅडम, प्रॉब्लेम असा आहे," त्यांनी आवाज खाली आणला, "की बाकीच्या बहुतेक मुलांनी तीन लिहिलंय. त्यांना मी मार्क दिलेत. आता ते कापले तर त्यांतली काही मुलं नापास होतात. निकाल जाहीर झालाय. पालक येऊन बसतील."

"मग?"

"मग असं करू. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "दोन्ही? तीन पण आणि वजा तीन पण?"

"प्रश्न संदिग्ध होता असं लिहून टाकतो. म्हणजे कोणाचंच नुकसान नाही."

तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला हे ऐकताना काय झालं असेल ते लिहून सांगता येत नाही. अशा साध्या समीकरणाला एकच उत्तर असतं. ते ना संदिग्ध असतं, ना बहुमताने ठरतं. टेबलावर मूठ आपटून हे सगळं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मार्करही हातात नव्हता, टोपण लावायला. मग मी बळीरामभाऊंकडे पाहिलं, वैष्णवीकडे पाहिलं, आणि म्हटलं, "हिचे मार्क वाढवताय ना?"

"वाढवतो."

"आत्ता. आमच्या समोर."

त्यांनी फुली खोडली, मार्क लिहिले, शेजारी सही केली. वैष्णवी पाटील, दहावी. बळीरामभाऊंनी सरांच्या, माझ्या, शिपायाच्या, सगळ्यांच्या पाया पडायला सुरुवात केली. मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

जिना उतरताना वैष्णवी मधेच थांबली.

"टीचर, पण तीन बसत नाही ना?"

"नाही बसत."

"मग सरांनी दिले कसे?"

"आगं तुझा झाला ना काम?" बळीरामभाऊ म्हणाले. "आता कशाला त्या तीनचे मागं लागलीस?"

"माझं झालं. पण ऋतुजाने तीनच लिहिलंय. मला तिने पेपर सुटल्यावर सांगितलं होतं. ती दहावीत पण तीनच लिहील."

ऋतुजा तिच्या टीममधली. तीही पुनर्परीक्षेला होती आणि काठावर पास झाली होती. मैदानावर पोरींची प्रॅक्टिस चालू होती. वैष्णवीने दप्तर वडिलांकडे दिलं आणि धावत तिकडे गेली. लांबून मला दोघी दिसत होत्या. वैष्णवी पायाच्या अंगठ्याने मातीत काहीतरी लिहून दाखवत होती, हातवारे करत होती. ऋतुजाने मान वाकडी करून थोडा वेळ ते पाहिलं, मग ती काहीतरी बोलली आणि लाइनवर जाऊन उभी राहिली. वैष्णवी परत आली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मला पूर्ण मार्क मिळालेत, मग चूक कसं असेल?"

मी म्हटलं, जा, प्रॅक्टिस कर. बळीरामभाऊंनी मला टेम्पोतून कॅम्प चारला सोडलं. वर वर्गात पुढची बॅच भरली होती आणि बाकं वाजत होती. नापास झालेल्या मुलीची चूक मी आठवडाभरात काढली. मार्क मिळालेली चूक कशी काढायची, ते मला अजूनही कळलेलं नाही.